सहा कोटी आठ लाख आले कुठून? अनुराधा साहा प्रकरण, कागद हातात घेऊन

"ताई, ती कोलकात्याची अकरा कोटींची केस माहितीये ना तुम्हाला, आपल्याला तसं काही मिळेल का?" हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, कधी नात्यातलं, कधी ओळखीच्या ओळखीतलं, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते, आत डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, मेडिकलच्या बिलांची चळत. मी वकील नाही, डॉक्टर पण नाही. बारा वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम बघणाऱ्या कंपनीत, मेडिक्लेमच्या फाईली तपासल्या, त्यामुळे केस पेपर वाचता येतो आणि बिलातला कुठला आकडा कुठून आला ते कळतं. दिवाळीनंतर बार्शीकडचे एक काका असेच आले, बायको अंगणवाडी सेविका होती, आठ महिन्यांपूर्वी गेली. त्यांनी पण तेच विचारलं. त्यांच्याशी बोलताना मला जाणवलं की डॉक्टरांच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई मिळालेली ही केस सगळ्यांना आकड्यापुरती माहितीये, आत काय आहे ते फार थोड्यांना. म्हणून सविस्तर लिहितेय.

कुणाल साहा हे मूळचे कोलकात्याचे डॉक्टर, अमेरिकेत ओहायोमध्ये राहायचे, एड्सवर संशोधन करायचे. बायको अनुराधा, तिचं शिक्षण बालमानसशास्त्रातलं. एप्रिल 1998 ला दोघं सुट्टीवर कोलकात्याला आले. 25 एप्रिलच्या सुमाराला अनुराधाला ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं. शहरातल्या एका नामांकित डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सुरुवातीला आराम करायला सांगितलं, औषध काही दिलं नाही. 7 मेला पुरळ एकदम वाढलं तेव्हा त्यांनी डेपोमेड्रॉलचं इंजेक्शन लिहून दिलं, 80 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस.

इथे थांबायला पाहिजे, कारण सगळी केस या एका ओळीवर उभी आहे. डेपोमेड्रॉल हे स्टेरॉइड आहे पण साधं नाही, नावातच डेपो आहे, म्हणजे स्नायूत टोचलं की तिथे साठा होतो आणि तो साठा हळूहळू बरेच दिवस रक्तात उतरत राहतो. म्हणूनच कंपनीच्या माहितीपत्रकात 40 ते 120 मिलिग्रॅमचा एक डोस आणि पुढचा डोस आठवड्या-दोन आठवड्यांनी असं दिलेलं होतं. ते दिवसातून दोनदा टोचलं तर पहिला साठा संपायच्या आत दुसरा, दुसरा संपायच्या आत तिसरा, आणि एकदा आत गेलेलं औषध परत काढून घेता येत नाही. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खाली जाते. आणि अनुराधाला झालेला आजार होता टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, यात कातडीचा वरचा थर मरतो आणि भाजल्यासारखा सोलून निघतो. कातडीच नाही म्हटल्यावर जंतूंना दार उघडंच, अशा पेशंटला जळीत रुग्णासारखं सांभाळावं लागतं, सलाईन, निर्जंतुक खोली, रोजचं ड्रेसिंग, तासातासाला नोंदी.

11 मेला तिला कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं. तिथे दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी स्टेरॉइड चालू ठेवलं, गोळ्यांमधून. तब्येत ढासळतच गेली. 17 मेला एअर ॲम्ब्युलन्सने मुंबईला ब्रीच कँडीत आणलं, आणि 28 मे 1998 ला ती तिथे गेली. पुरळ उठल्यापासून महिना-सव्वा महिना, बस.

नवरा स्वतः डॉक्टर, त्यामुळे काय चुकलं ते त्याला वाचता येत होतं. आपल्यापैकी कितीजणांना येतं?

मार्च 1999 ला त्यांनी राष्ट्रीय ग्राहक आयोगात तक्रार केली, मागणी 77 कोटी 7 लाख 45 हजार रुपये. फौजदारी खटलाही चालला. 2002 मध्ये खालच्या कोर्टाने दोन डॉक्टरांना तीन महिन्यांची साधी कैद सुनावली, 2004 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने सोडलं. 2006 मध्ये ग्राहक आयोगाने तक्रारच फेटाळली. म्हणजे आठ वर्षांनी हातात शून्य. मग सुप्रीम कोर्ट, तिथे 7 ऑगस्ट 2009 ला निकाल लागला की फौजदारी गुन्हा होत नाही पण हलगर्जीपणा झालाय, भरपाई द्यावी लागेल, किती ते आयोगाने ठरवावं. आयोगाने 2011 मध्ये 1 कोटी 34 लाख 66 हजार ठरवले, त्यातही नवऱ्याने उपचारात लुडबुड केली असं म्हणून दहा टक्के कापले होते. साहा परत सुप्रीम कोर्टात गेले, स्वतःची बाजू स्वतःच मांडली, आणि 24 ऑक्टोबर 2013 ला कोर्टाने ती दहा टक्क्यांची कपात काढून टाकली आणि रक्कम केली 6 कोटी 8 लाख 550 रुपये, वर तक्रार केल्या दिवसापासून सहा टक्के व्याज. साडेचौदा वर्षांच्या व्याजानेच ती अकरा कोटींच्या वर गेली. लोकांच्या तोंडी असलेले अकरा कोटी म्हणजे मुद्दल आणि उशीर, दोन्ही मिळून. उशीर जवळजवळ निम्मा आहे.

2009 च्या निकालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. डेपोमेड्रॉलच्या डोसबद्दल तर कोर्टाने लिहिलंच, पण हॉस्पिटलबद्दल लिहिताना कोर्ट पुन्हा पुन्हा रेकॉर्डपाशी येतं. ताप किती, नाडी किती, बीपी किती, या रोजच्या साध्या नोंदी धड नाहीत. एवढा गंभीर पेशंट आणि पोषक, आधार देणारे उपचार नीट केल्याचं कागदावर दिसत नाही. एकेका डॉक्टरची एकेक चूक वेगळी काढली तर ती फौजदारीसाठी पुरेशी नाही पण सगळ्या एकत्र करून जो परिणाम झाला तो दिवाणी जबाबदारीसाठी पुरेसा आहे, असं साधारण म्हणणं.

हे वाचताना मला माझ्या आत्याची फाईल आठवते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, नंतर इन्फेक्शन, पंधरा दिवस ॲडमिट. आत्येभावाने डिस्चार्जनंतर सगळे कागद झेरॉक्स करून माझ्याकडे आणून दिले, सवयीने मी आधी टीपीआर चार्ट काढला, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचा तक्ता. रात्री दहा, दोन, सहा. सलग तीन रात्री. नाडी 82, बीपी 120/80, नाडी 82, बीपी 120/80, नऊच्या नऊ रकाने एकाच निळ्या पेनने, एकाच तिरक्या अक्षरात, ओळ जराही हललेली नाही. त्यातल्याच दुसऱ्या रात्री आत्याला थंडी वाजून ताप आला होता, आत्येभाऊ तिच्या पायाशी बसून होता, तिच्या अंगावर दोन ब्लँकेटं टाकून त्याने स्वतः सिस्टरला दोनदा बोलावलं होतं. चार्टवर ताप 98.4. आत्या वाचली. भावाने तक्रार केली नाही, तो म्हणाला आई घरी आली ना, पुरे. पण तो चार्ट मी विसरू शकत नाही. आणि हेही सांगते, ती सिस्टर त्या रात्री बावीस पेशंटना एकटी होती, भावानेच मोजलेलं. सकाळी राऊंडच्या आधी बसून रकाने भरले असणार. तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण बिलात नर्सिंग चार्जेस पंधरा दिवसांचे पूर्ण होते.

आता पैशांचं. बार्शीच्या काकांना मी हा हिशोब एका बिलाच्या पाठीवर करून दाखवला, तुम्हीही करून बघा. सुप्रीम कोर्टाने दिलेल्या 6,08,00,550 मध्ये काय काय आहे? कोलकाता आणि मुंबईतल्या उपचारांचा खर्च 7 लाख. मुंबईचा प्रवास आणि हॉटेल साडेसहा लाख. कोर्टकचेरीचा खर्च साडेअकरा लाख. तिने सोसलेल्या वेदनेचे 10 लाख. नवऱ्याने बायको गमावली त्याचा 1 लाख. हो, एक लाख. या सगळ्याची बेरीज 36 लाख. उरलेले 5 कोटी 72 लाख 550 कशाचे, तर अनुराधा जगली असती तर तिने काय कमावलं असतं त्याचे.

ते कसे काढले? अमेरिकेत वर्षाला 40,000 डॉलर मिळाले असते असं धरलं, पुढे पगार वाढला असता म्हणून 30 टक्के घातले, झाले 52,000. त्यातला एक तृतीयांश तिचा स्वतःचा खर्च म्हणून वजा, राहिले साधारण 34,667. ते तीस वर्षांचे. आणि डॉलरला 55 रुपये. झाले 5 कोटी 72 लाख. अपघाताच्या दाव्यात वयानुसार ठरलेला गुणक असतो, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं तो आकडा, 36 ते 40 वयाला 15, तो कोर्टाने इथे लावला नाही, लावला असता तर ही रक्कमही निम्म्यावर आली असती.

मग मी काकांना म्हणाले, आता काकूंचा हिशोब करू. आकडा सोपा पडावा म्हणून महिना 10,000 धरले. वर्षाचे 1,20,000. तीस टक्के वाढ, 1,56,000. एक तृतीयांश वजा, 1,04,000. कोर्टाने साहांना दिली तशी तीस वर्षं दिली तर 31 लाख 20 हजार. गुणक 15 लावला तर 15 लाख 60 हजार. तेच इंजेक्शन, तोच चुकीचा डोस, तोच कोरा चार्ट, आणि रक्कम अठरा-वीस पटीने कमी, किंवा त्याहून कमी. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे चुकीची किंमत नाही, पगाराची आहे." मी काय बोलणार यावर. कायद्यात याला कारण आहे, भरपाई म्हणजे शिक्षा नसते, जे नुकसान झालं ते भरून द्यायचं असतं, हे मला पटतंही, पण घरकाम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाईचं नुकसान मोजायची आपली पट्टी फार आखूड आहे हे मी म्हणत राहणार. 2001 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाचे महिना 3,000 धरले होते, आणि तेव्हा ते पुढचं पाऊल मानलं गेलं.

आपल्याकडची याहून जुनी केस बघा. 1953 चा मे महिना, गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, तिथे नीट भूल न देता जोर लावून हाड बसवलं असा आरोप, आणि मुलगा त्याच रात्री गेला. वडिलांनी दावा लावला, सुप्रीम कोर्टाचा निकाल 1968 ला, भरपाई 3,000 रुपये कायम. डॉक्टरने पेशंट घ्यायचा का हे ठरवताना, काय उपचार करायचे हे ठरवताना आणि ते करताना, तिन्ही वेळी काळजी घ्यायची असते हे आजही निकालांमध्ये त्याच केसवरून सांगितलं जातं. तेव्हाही पंधरा वर्षं, साहांनाही पंधरा वर्षं. मधल्या साठ वर्षांत मोबाईल, सीटी स्कॅन, एमआरआय सगळं आलं आणि हा काळ होता तेवढाच राहिला.

डॉक्टरांची बाजू मी हलकी घेणार नाही. माझ्या ओळखीचे एक सर्जन आहेत, तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं नर्सिंग होम, 2013 च्या निकालानंतर त्यांनी इन्डेम्निटी पॉलिसीची, म्हणजे पेशंटने दावा लावला तर भरपाई देणाऱ्या विम्याची, रक्कम वाढवली, आणि वयस्कर, डायबेटिस असलेल्या पेशंटला हात लावायचं बंद केलं, सरळ सोलापूर किंवा पुणं. पेशंटला तोच उपचार तिथे तिप्पट पैशांत, शिवाय नातेवाईकांचं राहणं, खाणं, बुडालेली मजुरी. त्यांना मी विचारलं की इथे होण्यासारखं असून का पाठवता, तर म्हणाले, "काही झालं तर माझं घर विकावं लागेल." हा खर्च दाव्यांच्या भीतीचाच आहे, तो कुठल्या बिलात छापून येत नाही पण कोणाच्या तरी खिशातून जातोच. तीच गोष्ट जास्तीच्या टेस्टची. साधी डोकेदुखी आणि सीटी स्कॅन, कारण उद्या कोणी विचारलं तर कागद दाखवता यावा.

पण दाव्यांमुळेच उपचार महाग झालेत हे जे म्हणतात ते मला फाईली बघून कधीच पटलं नाही. अमेरिकेत हा वाद फार जुना आहे, कॅलिफोर्नियाने 1975 मध्येच वेदना-मनस्तापाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली, टेक्ससने 2003 मध्ये. तिथे 2010 मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा दावे, विमा, वकील आणि भीतीपोटी केलेल्या तपासण्या सगळं मिळून 2008 च्या किमतीत वर्षाला 55.6 अब्ज डॉलर आले. रक्कम प्रचंड, पण त्या देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या फक्त 2.4 टक्के. अकरा कोटी ऐकून आपण घाबरतो पण असे निकाल आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके.

बिलं कशाने फुगतात ते मी टेबलावर बसून बघितलंय. सिरिंज, ग्लोव्हज, कॅथेटर, शीट, प्रत्येक गोष्ट एमआरपीला. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्लीकडच्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा सापडला. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत स्टेंटला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीला, किमतीची मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट 29,600 रुपये, तोपर्यंत तोच लाख-दीड लाखाला पडायचा. स्टेंट स्वस्त झाला म्हणून कुठल्याही डॉक्टरवर जास्त दावे झाले नाहीत आणि महाग होता तो पण दाव्यांमुळे नव्हता. सिझेरियनचं बघा, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यात 14.3 टक्के आणि खासगीत 47.4. भीती हे त्यातलं एक कारण असेल, नाही म्हणत नाही, पण पॅकेज आणि ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक ही कारणं पण आहेत. आणि यातला खर्च कोण करतं? सरकारी हिशोबानुसारच 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून घातले. 2013-14 ला, म्हणजे साहांचा निकाल आला त्या वर्षी, ते 64.2 होते. कमी झालेत, मान्य आहे, तरी काकांनी दोन बिघे गहाण टाकलेच.

काकांसाठी कामाच्या गोष्टी मी वेगळ्या लिहून दिल्या. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 1995 मध्येच ते ठरवलंय, सगळ्यांनाच फुकट सेवा देणारा सरकारी दवाखाना येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत. साहांच्या वेळी मागणीच्या रकमेवरून कुठल्या आयोगात जायचं ते ठरायचं म्हणून ते सरळ दिल्लीला गेले, आता नव्या कायद्यात तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे दिले त्यावरून ठरतं, 50 लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे काकांना सोलापूर. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. पोलिसात जाऊन काही होईल का असं त्यांच्या पुतण्याने विचारलं, त्याला सांगितलं की 2005 च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारीसाठी हलगर्जीपणा फार ठळक असावा लागतो आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, तिकडे शक्ती घालवू नका. आणि काकूंच्या केसमध्ये चूक झालीये की नाही हे मी सांगू शकत नाही हेही स्पष्ट सांगितलं. सगळेच मृत्यू चुकीने होत नाहीत. चूक होती की नव्हती ते कागदावरून कळेल, आणि डॉक्टरांनी सगळं नीट केलं असेल तर तेच कागद त्यांना सोडवतील.

पिशवी उलटी करून बघितली तर आत डिस्चार्ज समरी, लॅबचे रिपोर्ट आणि बिलं. टीपीआर चार्ट नाही, ड्रग शीट नाही, नर्सिंग नोट्स नाहीत. काका म्हणाले, ते देत नाहीत ना, ते हॉस्पिटलचं असतं. मी म्हणाले, काका, मागितलं तर 72 तासांत द्यावं लागतं, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे, आणि तीन वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे.

त्यांनी माझ्यासमोरच अर्ज लिहिला, वहीच्या कागदावर, मी सांगितलं तशा दोन प्रती, बायकोचं नाव, आयपी नंबर, ॲडमिट केल्याची तारीख, गेल्याची तारीख. "संपूर्ण इनडोअर केस पेपरची प्रत मिळावी" ही ओळ मी सांगितली आणि त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, "दोन प्रती कशाला ताई?"

"एक त्यांना द्यायची. दुसरीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि ती पिशवीत सगळ्यात वर ठेवायची."